दिवेलागणीपर्यंत उसने देव

आमच्या घरात देव नव्हते, म्हणून एका रविवारी दुपारी ते शेजारून उसने आणावे लागले.

लोक शेजारून साखर आणतात, विरजण आणतात, पाहुणे जास्त झाले तर खुर्च्या आणतात. आम्ही गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि महादेवाची पिंडी आणली. आणि हे सगळं माझ्यामुळे. म्हणजे खरं तर अंडाभुर्जीमुळे.

सांगतो. माझे बाबा पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावरही तेच शिकवायचे. आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बिल्डरने देवासाठी मुद्दाम कोनाडा ठेवला होता. बाबांनी त्यात पाण्याचा फिल्टर बसवला. आई माहेरी चतुर्थ्या करायची, पण लग्नानंतर तिने ते सोडून दिलं. (पटलं म्हणून नाही हं. ‘यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा जेवून घेतलेलं बरं,’ असं ती सांगते.) अशा घरात वाढलेला मी! मला आरतीत टाळ्या कधी वाजवायच्या तेही बाजूच्याकडे बघून कळतं.

मी न्हावा शेवा बंदराजवळ एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. तिथे दर्शना आली. उरणची. कंटेनर अडकवून ठेवणाऱ्या ड्रायव्हरला ती फोनवर असं काही झापायची, की पलीकडचा माणूस आपोआप ‘जी मॅडम’ म्हणायचा. मला ती पहिल्याच आठवड्यात आवडली. बोलायची हिंमत व्हायला मात्र सोमवार उजाडावा लागला. मी डबा घेऊन तिच्या टेबलाशी गेलो. तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती.

“सोमवार आहे माझा,” ती म्हणाली. “तुझा नसतो?”

आता यावर ‘नाही’ म्हणायचं, एवढं साधं काम होतं. पण ती इतक्या प्रेमाने बघत होती की माझ्या तोंडून निघालं, “असतो ना! शाळेपासून करतो.”

“मग डब्यात काय आहे?”

डब्यात भुर्जी होती. झाकणातून वास येत होता!

“हा... हा बाबांचा डबा. चुकून आला.”

“अरेरे,” म्हणाली, आणि अर्धी खिचडी माझ्या झाकणात काढली. झालं. त्या दिवसापासून दर सोमवारी मी धार्मिक. आईला ‘सोमवारी डबा नको’ म्हटलं की ती विचारायची, “पोट बिघडलंय का रे?” संध्याकाळी घरी येऊन मी आधी दोन उकडलेली अंडी खायचो. असे किती सोमवार गेले असतील कोण जाणे. पण त्या खिचडीवर आमचं जमलं, हे मात्र खरं. आणि एक दिवस दर्शना म्हणाली, “आजीला तुझं घर दाखवते. रविवारी येतो आम्ही.”

दर्शनाला आजीने वाढवलेलं. घरात आजीचा शब्द शेवटचा. मी धास्तावून विचारलं, “आजींना काय आवडतं? काय करू खायला?”

“खायचं राहू दे. ती पहिला देव्हारा बघते. ज्या घरात देव नाहीत त्या घरात ती पाणीसुद्धा घेत नाही.”

आमच्या कोनाड्यात तर फिल्टर होता!

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “मग सांग ना, आम्ही मानत नाही. नास्तिक असणं गुन्हा आहे का?”

“गुन्हा नाही हो बाबा! पण लग्न मोडेल!”

“जे लग्न पाण्याच्या ग्लासावर मोडतं...”

“तुम्ही गप्प बसा हो!” आई म्हणाली. (आमच्या घरात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.) “पोराचं वय बघा. पाटणकर काकूंकडून देव आणू आपण.”

शेवटी तह झाला. बाबा खोटं बोलणार नाहीत, पण खरंही बोलणार नाहीत. नुसते बसतील.

समोरच्या पाटणकर काकू म्हणजे मऊ स्वभावाच्या. ‘लग्नाचं काम आहे’ म्हटल्यावर लगेच तयार झाल्या. “न्या हो. पण दिवेलागणीला मला परत हवेत. त्यांना बाहेर राहायची सवय नाही. आणि नीट ऐका, गणपतीला दूर्वा, बाळकृष्णाला तुळस, महादेवाला बेल. उलटसुलट करू नका!”

आम्ही तिघांनी जिना न उतरता देवांची मिरवणूक काढली, म्हणजे त्यांच्या दारातून आमच्या दारात. गणपती आईकडे, बाळकृष्ण माझ्याकडे, आणि बाबांच्या हातात अन्नपूर्णा आणि पिंडी. “पितळ चांगल्या प्रतीचं आहे,” एवढंच ते बोलले. फिल्टर काही निघेना, म्हणून त्याच्यापुढे काकूंचाच भरजरी पडदा लावला आणि पडद्यापुढे देव मांडले. घाईघाईत पानंफुलंही वाहिली. मी मनात म्हटलं, बस, आता दोन तास निभावू दे. (कुणाला म्हटलं ते मला त्या वेळी सुचलं नाही.)

आजी आल्या. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, हातात घरच्या तांदळाच्या पिठाची पिशवी. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, “पयला देव दाखव.”

बघून हात जोडले. मग वाकून जवळ गेल्या. “गनपतीला तुळस?”

तुळस! मी वाहिली होती!

“आमच्यात चालते,” आई म्हणाली.

तेवढ्यात पडद्यामागून फिल्टर गुरगुरला. आजी दचकल्या. “ह्ये काय वाजतंय?”

“अभिषेकाचं पाणी,” मी म्हणालो. बाबांनी डोळे मिटून घेतले. आजींना ते ध्यान वाटलं असावं, कारण त्या एकदम खूश झाल्या. चहा आला, चिवडा आला. आजींनी चहा घेतला! दुसरा कपही घेतला! दर्शना माझ्याकडे बघून हसली आणि मीही चिवड्याला हात घातला.

“कुळदैवत कंचा तुमचा?”

“खंडोबा,” मी म्हणालो.

“भवानी,” त्याच क्षणी आई म्हणाली.

“म्हणजे खंडोबा ह्यांच्याकडचा, भवानी माझ्या माहेरची,” आईने सावरून घेतलं. शाबास! माझी आई इतकं सफाईने खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

“आन् देवक?”

आता आली का पंचाईत! देवक म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. आईकडे पाहिलं, ती चिवडा बघत होती. बाबा ध्यानात. मी अंदाज बांधला की हे ब्लड ग्रुपसारखं काहीतरी असणार. पत्रिका जुळते, गुण जुळतात, तसं हेही जुळलं की झालं. म्हणून मी फार हुशारीने विचारलं, “तुमचं कोणतं आजी?”

“आमचा कळंब. लग्नात आमी कळंबाची डहाळी पूजतो.”

“काय सांगता!” मी खुर्चीतून उठलोच. “आमचंही कळंबच!”

दर्शनाचा कप हवेतच राहिला. आजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो! त्या उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली.

“म्हंजे तू आमचेच घरानचा रे! पोरीचा भाऊस तू!”

“भा... भाऊ?”

“येका देवकाची पोरा म्हंजे भाव-भयनी. तेंचा लगीन नाय व्हत. देवानंच वाचवला हो वेळेवर!” मग दर्शनाकडे वळून, “राखीला येशील गो याच्याकडे.”

राखी! ज्या मुलीसाठी मी सोमवारमागून सोमवार उपाशी राहिलो, ती मला राखी बांधणार! आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

“आजी, माझी चूक झाली. कळंब नाहीये आमचं.”

“देवक कोन इसरतं?”

“आम्हाला माहीतच नाही! आम्ही देवच मानत नाही! बाबा, सांगा ना!”

बाबांनी डोळे उघडले. दोन तास ज्याची वाट बघत होते ती संधी आली होती. उभे राहून शाळेतल्या आवाजात म्हणाले, “हे खरं आहे. मी देव मानत नाही. या घरात कोणीच मानत नाही.”

आजींनी पदर डोळ्यांना लावला. “बघ गो दर्शना! पोराचा लगीन व्हावा म्हनून बाप देव सोडाया निंगाला! अशी मानसा नाय भेटत!”

“अहो, हे देव आमचे नाहीत!”

“आसा बोलू नको रे लेकरा! आयकतात ते!”

आता काय करावं? आयुष्यभर नास्तिक असल्याचा काही दाखला थोडाच मिळतो! मी बाबांची पुस्तकं दाखवली, आजी म्हणाल्या, अक्षर बारीक हाय. आई म्हणाली, मी चतुर्थी सोडली, तर म्हणाल्या, पित्त झाला असंल. आम्ही जितकं खरं बोलत होतो तितका मी जास्त भाऊ होत होतो.

आणि दाराची बेल वाजली.

पाटणकर काकू ताम्हन घेऊन उभ्या. “दिवेलागण झाली हो. देव द्या.” बोलत बोलत थेट आत आल्या. “अगं बाई! गणपतीला तुळस कोणी वाहिली?” चारही देव ताम्हनात उचलले, स्वतःचा पडदा ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि गेल्या. कोनाड्यात फिल्टर उरला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

आजी त्या फिल्टरकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “बिनदेवाचे घरान दोन कोप चहा गेला माज्या पोटात!”

पण मी आजींकडे बघत नव्हतो. दर्शना उभी राहिली होती.

“आणि सोमवार?”

मी चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

“शाळेपासून करतोस म्हणालास.”

“शाळेत... सोमवारी आमच्याकडे मटण असायचं. रविवारचं उरलेलं.”

“तू देव मानत नाहीस त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “नसेल वाटत तर नसेल वाटत. मी भांडले असते का तुझ्याशी? पण दर सोमवारी समोर बसून माझी अर्धी खिचडी खाल्लीस! मी उपाशी राहायचे अर्धी, आणि तू घरी जाऊन काय खायचास?”

“अंडी,” आई पुटपुटली. (आता कशाला गं आई!)

ड्रायव्हर ‘जी मॅडम’ का म्हणायचे ते मला तेव्हा कळलं. संपलं, असंच वाटलं मला. “तू मला फार आवडतेस गं,” मी म्हणालो. “भीती वाटली. म्हटलं, खरं कळलं तर तू डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाशील.” चिवड्याच्या बशीसमोर, आईबापांसमोर, आजींसमोर बोललो हे. लाज वाटायलाही जागा उरली नव्हती.

आजींनी मध्येच विचारलं, “भाऊस नाय ना नक्की?”

“नाही हो आजी, देवाश...” मी जीभ चावली. बाबांकडे बघून म्हणालो, “खरंच नाही.”

“मंग बरा. देवक नसला तं आमी बघू काय करायचा ता. चहा तं पिऊन झालाय, आता कडूपणा कशाला? पन ही पोर काय बोलते ता बघ.”

दर्शनाने आपली पर्स उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली.

“शाळेपासून सोमवार करतो म्हणालास ना? ते खरं कर. तितके सोमवार भरून काढ. अंडी नाही, काही नाही. एक जरी चुकलास तरी राखी पाठवीन.”

“आणि लग्न?”

“लग्न करू की. सोमवार काय, लग्नानंतरही येतातच.”

लग्न झालं. देवकाच्या जागी आजींनी आम्हाला आंब्याची डहाळी दिली. ती बाबांनी झाड म्हणून हातात धरली आणि आजींनी देव म्हणून पूजली, दोघंही समाधानी. कोनाड्यात आता दर्शनाचे देव आहेत आणि फिल्टर बेसिनवर गेला आहे. मागच्या वर्षी दर्शनाला पित्ताचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी तिला उपास बंद करायला सांगितलं. त्यामुळे सोमवारी ती मनापासून नमस्कार करते आणि पोटभर जेवते, बाबा-आईही जेवतात, आणि घरातला एकटा कट्टर नास्तिक खिचडी खातो.

परवा सोमवारी ऑफिसात एकाच्या वाढदिवसाला केक कापला. त्यात अंडं होतं, आणि दर्शना रजेवर होती. वर बसून कोणी बघत नाही याची मला पूर्ण खात्री आहे. तरी मी हात मागे घेतला. राखी पौर्णिमा जवळ आली होती!