अडतीस नंबरचा शर्ट

आमच्या घराच्या मागच्या दाराला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला बाबांचा जुना शर्ट टांगलेला असतो. तो बाबा घालत नाहीत, आई घालते. शेतात जाताना साडीवरून. आमच्याकडे शेतात काम करणाऱ्या बाया नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट असाच साडीवर चढवतात. ऊन लागत नाही, काटे ओरबाडत नाहीत. देवळीच्या रस्त्याने सकाळी निघा, वावरावावरात हे शर्ट दिसतील. कॉलर विरलेली, कोपर फाटलेले, कुणाच्या पाठीवर मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं तोंड. लहानपणापासून पाहत आले, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. खरं तर मला तरी दिसायला हवं होतं.

मी पत्रकं वाचून वाढलेली मुलगी आहे. बाबा आयुष्यभर शेतमजुरांच्या संघटनेचं काम करत आले. धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे रचलेले असायचे, आजही आहेत. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'हक्क' आणि 'श्रम' लिहिता येत होतं. पत्रकाची मागची बाजू कोरी असायची, तिच्यावर मी पाढे लिहायचे आणि आई भाजीचा हिशेब. पुढची बाजू तिने कधी वाचली का, ते मी विचारलं नाही.

आई भाजी पिकवते आणि बाजारात नेऊन विकते. वांगी, चवळी आणि भेंडी. भेंडी तोडणं हे काम ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते: त्या झाडाला बारीक लव असते. ती कातडीत शिरते आणि मग हात, मान, पोट, जिथे कापड नसेल तिथे आग होते. तरुण कातडी ते सोसून घेते. आईची आता घेत नाही. या पावसाळ्यात तिच्या पोटावर आणि दंडांवर लाल चट्टे उठले, खाजवून त्यांतून पाणी येऊ लागलं. पावसाळा सरल्यावर देवळीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "सुती घाला बाई, पूर्ण बाहीचं, आणि समोरून बंद."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई मला म्हणाली, "मले एक शर्ट घेऊन दे वं. पैसे मी देतो, तू फक्त संगं चाल."

"बाबांचे आहेत ना इतके."

"थे तुह्या बाबाचे आहे. मले माह्यावाला पाह्यजे. कोणी घातला नसंन असा." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "अन् खिसा पाह्यजे. चष्मा ठेवाले."

तिला मागच्या वर्षी चष्मा लागला. पदरात बांधून ठेवायची, एकदा वाफ्यात पडला आणि तिच्याच पायाखाली आला. तेव्हापासून एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे.

वर्ध्याला मी नोकरीसाठी खोली घेऊन राहते. पुढच्या रविवारी आई एसटीने आली. पहिल्यांदा आम्ही बायकांच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गार हवा, आणि दारातच उभी असलेली एक मुलगी. तिने आईकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मावशीसाठी का? त्यांच्या वयाचं वर ठेवतो आम्ही."

वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. खालच्या मजल्यावर, आरशांच्या आणि दिव्यांच्या मध्ये, वीस वर्षांच्या पोरींचे कपडे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे कपडे दोन जिने चढून. हे ज्याने ठरवलं त्याला एकदाही आपली आई आठवली नसेल. आई कठड्याला धरून चढली. वर मातकट, राखाडी आणि शेवाळी रंगाचे गाऊन लटकत होते. एकेक इतका मोठा आणि इतका निराकार, की जणू आत बाई नसून गहू भरायचा आहे.

"शर्ट दाखवा," मी म्हटलं.

"मावशीले शर्ट?" ती हसली, मग माझं तोंड पाहून थांबली आणि दोन-तीन घेऊन आली. बाही कोपरापर्यंत. कापड चकचकीत. मी आतली चिठ्ठी उलटून पाहिली, पॉलिस्टर. दुसरा पाहिला, पॉलिस्टर. तिसऱ्याला छातीवर खिसा होता. आईने त्यात बोटं घालून पाहिली आणि ती जाईनात. वरची पट्टी होती, बटण होतं, खिसा मात्र शिवून बंद केलेला.

"हा शिवला आहे," आई म्हणाली.

"फॅशन आहे मावशी."

"मंग चष्मा कुठी ठेवू?"

"पर्समध्ये ठेवा ना."

"भेंडीत पर्स घेऊन जाऊ का वं पोरी?"

त्या मुलीला हसू आलं आणि मलाही आलं. पण जिना उतरताना मी तो खिसाच आठवत होते. खोट्या खिशाची मला किळस वाटली, अजूनही वाटते. कुणीतरी बसून ठरवलं आहे की या बाईला जवळ ठेवण्यासारखं काही असणारच नाही, तिला नुसता आकार पुरे. दुकानासमोरून कापसाची गाडी चालली होती, वरून दोराने आवळलेली, मागे पांढरे पुंजके उडत होते. या जिल्ह्यात बाया कापूस वेचतात आणि याच जिल्ह्याच्या गावात त्यांच्या मापाचा सुती शर्ट मिळत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात तिथल्या तिथे तयार झालं, उद्गारचिन्हासकट. मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते आठवलं की आता जास्त लाज वाटते, कारण पुढच्या दुकानात जे झालं ते माझ्यामुळे झालं.

ते पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिथे हवं ते सगळं होतं. पूर्ण बाहीचे सुती शर्ट, चौकड्यांचे, रेघांचे, साधे, छताला भिडलेल्या थप्प्या. प्रत्येकाला खिसा, आणि खिसा उघडा. गादीवर मालक बसला होता. आरशासमोर कॉलेजातली दोन पोरं जीन्स घालून स्वतःला मागून पाहत होती.

"या ताई. काकाजीसाठी का?" मालक म्हणाला. "साईज बोला."

आईने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं. मी शिकलेली. मी मोर्चात ध्वनिक्षेपकावर बोलते, तहसीलदारासमोर आवाज चढवते.

मी म्हटलं, "हो, बाबांसाठी. अडतीस."

एवढंच. मला कुणी धमकावलं नव्हतं. नुसता एक माणूस गादीवर बसून विचारत होता, आणि मला त्याची नजर आईच्या छातीवरून फिरेल असं वाटलं, आणि ती दोन पोरं हसतील असं वाटलं. परतताना मी स्वतःला सांगितलं की मी आईला वाचवलं. खोटं होतं ते. मी मला वाचवलं. आकडाही तोंडात आला तो बाबांचा, दर दिवाळीला मी त्यांना अडतीस नंबरचा शर्ट घेते म्हणून. बाबा काडीसारखे आहेत. आई रुंद आहे.

मालकाने निळ्या चौकड्यांचा एक काढला. आईने कापड दोन बोटांत धरून चोळलं. "कापड चांगलं आहे," एवढं बोलली आणि पैसे काढून दिले. तिच्या स्वतःच्या भाजीचे.

एसटीत तिने ती पिशवी मांडीवर धरून ठेवली. मीही तिच्यासोबत गावी निघाले होते. देवळीपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते.

घरी बाबांनी पिशवी उघडली. "अरे, माह्यासाठी? कायले आणला एवढा चांगला?" त्यांनी लगेच अंगात घातला. त्यांच्यावर तो नेमका बसला. आठवड्याने पुलगावला सभा होती, तिथे हाच घालीन म्हणाले. आई पुढे झाली, त्यांची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "घाला. वरीस-दीड वरसानं मले येईनच."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. गुरुवारी नळ येतो, असं म्हणावं तसं.

मी मागच्या दारातून बाहेर गेले. तिथे खिळ्यावर जुना शर्ट होता. 

परत आत आले आणि सगळं सांगितलं. शर्ट कुणासाठी घ्यायला गेलो होतो, दुकानदाराने काय विचारलं, मी काय म्हटलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग दुकानात बोलली काऊन नाई?"

त्यांनी शर्ट काढला आणि आईसमोर धरला. "घे. हा तुहाच आहे."

"मले नाई होत थो. तुमच्या शर्टाची बटनं लागत नाई मले."

"या एका शर्टाची?"

"कवाच नाई लागली. एकाचीबी नाई."

"मंग थे सुतळी कायची बांधते तू कमरेले?"

"शर्ट उडू नाई म्हणून."

"मले वाटे, इळा खोचाले बांधते," बाबा म्हणाले.

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. बाई किती तास वाकते, किती ओझं वाहते, तिला पुरुषापेक्षा किती कमी मिळतं, हे गावोगाव सांगत फिरलेला माणूस. त्याच्या समोरून रोज सकाळी एक बाई शर्टाला सुतळी बांधून जात होती, पुढचा भाग उघडा, आणि भेंडीची लव सरळ तिच्या पोटावर. त्याला वाटलं विळा. मला तर काहीच वाटलं नव्हतं. कोठीशेजारच्या गठ्ठ्यांत बायांच्या कामाबद्दलचं एक पत्रक माझंही आहे. मी ते हुडकून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला ठेवून दिलं. त्यात 'श्रमिक भगिनी' असं लिहिलं होतं. त्या भगिनीच्या अंगावर काय आहे, ते कुठेच नव्हतं.

बाबा म्हणाले, "उद्या मी येतो संगं. त्या दुकानवाल्याशी बोलतो."

"तुम्ही नका येऊ," आई म्हणाली. "तुम्ही भाषण द्याल."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी पुन्हा वर्ध्याला गेलो. मालकाने शर्ट ओळखला. "काकाजीले नाई झाला का?" असं म्हणत त्याने तो उलगडला, कॉलर नाकाशी नेली आणि हुंगली. "घातला तर नाई ना?"

"घरात घालून पाहिला," मी म्हटलं. "पण हा त्यांच्यासाठी नव्हताच. काल मी खोटं बोलले. आईसाठी पाहिजे."

तो हसला. मला वाटलं होतं तसाच हसला, आणि काही कोसळलं नाही. "ताई, लेडीजचं पलीकडे आहे."

"पलीकडं जाऊन आलो आमी," आई म्हणाली. "तिथी खिसे शिवलेले आहे."

"पण मावशी, हे जेन्ट्सचं आहे. माप..." तो छताकडे पाहू लागला. मग गळ्यातला टेप काढून माझ्याकडे सरकवला, विटाळ व्हावा तसा दोन बोटांनी. मी आईच्या छातीभोवती टेप धरला. हे मी पहिल्यांदाच करत होते. तिचं अंग कुठे कुठे दुखतं ते मला माहीत होतं, ते किती आहे हे माहीत नव्हतं.

"चव्वेचाळीस," मी मोठ्याने म्हटलं. काउंटरशी उभ्या गिऱ्हाइकाने मान वळवली. मी त्याच्याकडे पाहत राहिले, तेव्हा त्याने परत फिरवली.

"ट्रायल रूम जेन्ट्सची आहे हां," मालक म्हणाला.

"मले खोली कायले पाह्यजे? साडीवरूनच घालतो ना मी."

तिने चव्वेचाळीसचा शर्ट घातला. तोच निळा, त्याच चौकड्या. खालून एकेक बटण लावत वर गेली आणि गळ्याचंही लावलं. मग आरशासमोर हात वर केले, पुढे केले आणि दुकानाच्या मधोमध कमरेतून वाकून भेंडीत उभी असल्यासारखं हाताने झाडाच्या बुडाशी चाचपून पाहिलं. एकही बटण ताणलं नाही.

"मावशी, लोक पाहून राह्यले," मालक खालच्या आवाजात म्हणाला.

"पाहू दे. भेंडी तोडताना एकबी येत नाई पाहाले."

त्याने अडतीसचा शर्ट घडी करून थप्पीत ठेवला, पण सगळ्यात खाली. निघताना म्हणाला, "काकाजीले दाखवू नका मावशी, मागतील." आईने चष्मा नव्या खिशात टाकला. मला त्याला पुष्कळ काही ऐकवायचं होतं. आईने माझं मनगट धरून मला बाहेर आणलं.

मी आईसोबत गावी परतले आणि एक दिवस जास्त राहिले. सकाळी आई नवा शर्ट घालून भेंडीत गेली, तेव्हा मी मागच्या दाराच्या खिळ्यावरचा जुना काढला आणि तिच्या मागे गेले. तो शर्ट मी कधी घातला नव्हता. घाम, फवारणीचं औषध आणि कुबट ओल असा त्याला वास होता, धुतला तरी न जाणारा. माझ्यावर त्याची सगळी बटणं लागली. मी बाबांवर गेले आहे.

दोन तासांत उजव्या कोपराच्या भोकातून लव आत शिरली आणि हाताची आग होऊ लागली. मी टोपली खाली ठेवून नखांनी ओरबाडत होते. आई दोन ओळी पुढे होती. गळ्यापर्यंत बंद. तिने वळून पाहिलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा पाहिलं.

"खाजवू नको," ती म्हणाली. "खाजवलं का पसरते."