दुधाबरोबरची गोळी

"सायकोसिस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे नसलेलं दिसतं, ऐकू येतं, खरं वाटतं, आणि माणूस त्यावर तुटून पडतो."

माझ्या भुवईला नुकतेच टाके घातले होते. डावा डोळा सुजून बंद झाला होता. उजव्या डोळ्यानं मी पलीकडच्या खाटेकडे बघत होते. खाटेला माझे यजमान दोरीनं बांधलेले होते आणि मला मारून टाकीन म्हणून ओरडत होते. वॉर्डबॉयच्या मनगटाचा त्यांनी चावा घेतला होता. त्याचं रक्त अजून ह्यांच्या हनुवटीवर होतं.

ज्यांच्या घरात असं घडलंय किंवा घडेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऐकायला गोड नाही, आणि गोड करून सांगायचा मला कंटाळा आहे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. हे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर शाफ्ट कापायचे. हात असा, की मालकानं ह्यांची मापं मायक्रोमीटर लावून तपासायचं सोडून दिलं होतं. आधी उजवा अंगठा थरथरायला लागला. मग चालताना पाय घासायला लागला आणि चेहरा लाकडी झाला. मला जास्त टोचलं ते वेगळंच. सांगितलेलं माप लेथपर्यंत जाईतो ते विसरायचे. बाजारातून चार जिनसा आणायला सांगितल्या तर एक आणायचे, आणि बाकीच्यांवरून माझ्यावरच खेकसायचे.

मिरजेहून आठवड्याला येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन्स. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते यात कमी पडतं. हातपाय अडतातच, पण कपाळामागच्या भागालाही, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, ते लागतं. ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायची, मनात येईल ते सगळंच करू द्यायचं नाही, ही त्या भागाची कामं. यावर अजून पुष्कळ शोध व्हायचाय, असंही ते म्हणाले. औषध लेव्होडोपा. ही गोळी मेंदूत पोचली की तिचं डोपामिन होतं.

माझ्या थोरल्या दिरांनी, तात्यांनी, गोळी बघताच जाहीर केलं, "ही उष्ण पडणार. दुधाबिगर द्यायची न्हाय." मलाही पटलं. आमच्या गल्लीत कुणालाही पटलं असतं. रोज सकाळी तात्या ह्यांना दूधकट्ट्यावर न्यायचे. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ, कोमट दूध उभ्याउभ्या प्यायचं असतं. जिभेवर गोळी आणि वर लिटरभर दूध. दुपारची आणि रात्रीची गोळी घरी, तीही तांब्याभर दुधावर.

गुण काही येईना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले.

मग ह्यांचं पोट बिघडलं. दूध बंद, नुसती पेज, आणि गोळ्या पाण्याबरोबर. दोन-तीन दिवसांत ह्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली! मी आनंदानं अंबाबाईची ओटी भरून आले.

त्याच आठवड्यात ह्यांना माळ्यावर माणसं दिसायला लागली. झोप उडाली. मी कुणाशी बोलले की माझा हात पिरगाळून विचारायचे, "कट चाललाय न्हवं?"

एका दुपारी मी विळीवर वांगी चिरत होते. हे पान्हा घेऊन आले. "माझा मायक्रोमीटर कुणाला इकलास? बोल!" मी मान वर केली तोच पान्हा भुवईवर बसला. केस धरून त्यांनी मला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं आणि मानेवर पाय दिला. आमची दहा वर्षांची नंदा त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तिला त्यांनी एका हातानं भिंतीवर भिरकावलं. त्याच हातात महिन्यापूर्वी चहाची बशी ठरत नव्हती.

तात्या आणि गल्लीतली माणसं धावली. त्यांनी ह्यांना धरलं, आणि धरता धरता बडवलंही. एक दात अंगणात पडला. मानेवरचा पाय सुटल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मरू दे ह्याला. आलं ते आलं.

दवाखान्यात तात्यांनी तोंड उघडलं ते हेच सांगायला. "ह्येला रत्नागिरीच्या येड्यांच्या दवाखान्यात टाकूया. आज हिचं टकुरं फोडलं, उद्या पोरीचा जीव घेईल."

मी नाही म्हणाले नाही. मला फक्त कळायला हवं होतं, की हा माझा नवरा आहे की दुसराच कोणी.

डॉक्टर तात्यांशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "एवढ्यात घरात काय बदललं?"

"काहीच नाही. पोट बिघडलं म्हणून दूध तेवढं तोडलं."

"गोळी कशाबरोबर घेत होते?"

मी सांगितलं. कट्ट्याचं, लिटरचं, तांब्याचं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुधातली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारानं रक्तात शिरतात, ते म्हणाले. दूध पुढं घुसायचं, गोळी मागं राहायची. गुण नाही म्हणून आम्ही गोळ्या वाढवल्या. दूध थांबलं आणि सगळ्याच्या सगळ्या आत गेल्या.

"मिठासारखं आहे, वहिनी. कमी पडलं तर रस्सा अळणी, जास्त झालं तर तोंडात घालवत नाही. दोन्हीकडून डोकं बिघडतं."

गोळ्या उतरवल्या. आधी आरोळ्या बसल्या, मग शिव्या, मग माळ्यावरची माणसं गेली. दोरी सोडली. डॉक्टरांनी परीक्षा घेतली, "पस्तीसचा शाफ्ट. तीन कमी करा. अजून तीन. करत राहा." हे थांबत थांबत तेविसापर्यंत आले आणि म्हणाले, "पर डॉक्टर, येवढा माल वाया कशाला घालवायचा?" मी हसले, तर टाके ओढले.

हात मात्र पुन्हा कापत होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "लेथवर चालतील इतके हात हवे असतील तर गोळी वाढवावी लागेल. तेवढ्यानं डोकं पुन्हा फिरू शकतं. कमी ठेवली तर हात असेच राहतील."

"वाढवा की," हे लगेच म्हणाले. "हातावर प्वाट हाय माझं." मग त्यांची नजर माझ्या पट्टीवर गेली. "हिला कुणी मारलं?"

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पडली ती."

नंदा इतके दिवस दारातच उभी राहायची, खाटेजवळ यायची नाही. तिथूनच ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही मारलंसा. मला पण."

"तात्या, खरं?"

"व्हय."

ह्यांनी नंदाकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "कमीच द्या. मरू देत हात."

लेथ सुटला. नंतर मी शिवणकाम घेतलं, ओढाताण झाली. डॉक्टरांची मी जन्माची ऋणी आहे. माणूस वेडा ठरवण्याआधी तो काय खातो-पितो हे त्यांनी विचारलं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना गोळी कशाबरोबर घेता ते त्यांनी विचारण्याआधीच सांगा, आणि मनानं काही बंद-चालू करू नका.

ह्यांचा घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडायचा. आमटी माझ्या लुगड्यावर, भात जमिनीवर. चिडायची मी, पुष्कळ चिडायची. भ्यायची मात्र नाही.