बांधापलीकडचे निरोगी शेत

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी पायाला भिंगरी होती म्हणून, आणि पुढे पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तरी ती सुटली नाही म्हणून. खुर्चीत बसून अहवाल लिहायचा म्हटले की तिच्या जिवावर येई. रोगट शेते तुडवायला मात्र ती अर्ध्या जेवणावरून उठे. "हिला ताटावर बांधूनच ठेवायला हवं," आई म्हणे.

त्या हंगामात तर तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. खरबुजांच्या पानांवर पिवळे ठिपके पडत होते, फळ कापावे तर गर पाणचट. विषाणू बियाण्यातून आला हे तिने शोधले होते. खालच्या शेतात नवे बी पेरले, तिथे तो आधी दिसला. पण तिथून तो शेताशेतांत उड्या मारत कसा गेला, ते काही उमगेना.

"मावा कीड असेल," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

"हा विषाणू मावा नेत नाही साहेब. हा रसातून चिकटतो. हाताला, हत्याराला."

"मग तो हात शोधा. तोडणी तोंडावर आलीय."

प्रत्येक शेतात मजूर वेगळे, अवजारे ज्याची त्याची. हिंडून हिंडून ती काकाच्या बांधावर आली आणि थबकली. चारही बाजूंची शेते पिवळी, आणि मधे काकाचे हिरवेगार.

"काका, फवारता काय तुम्ही?"

"काही नाही गं. आमच्याकडे कोणी फिरकतच नाही. व्यापाऱ्यालासुद्धा मीच फळ नेऊन दाखवतो. तुझा बाप इथे पाऊल ठेवील तेव्हा ना!"



तिचे वडील खरबुजांचे पारखी होते. व्यापारी त्यांच्या जिभेवर विसंबून तोडणी ठरवत. देठ कापायचा, फोड काढायची, जिभेवर ठेवायची, सुरी बाहीला पुसायची आणि पुढच्या शेतात जायचे. विहिरीच्या पाण्यावरून धाकट्या भावाशी अबोला धरल्यापासून फक्त तेवढे एक शेत त्यांनी वगळले होते.

ती घरी धावली. वडील निघण्याच्या तयारीत होते.

"बाबा, सुरी द्या."

"का? घरात दुसरी नाही?"

तिने पाते ओल्या बोळ्याने पुसले, पिशवीतल्या द्रावणात बोळा पिळला आणि तपासणीची पट्टी बुडवली. दोन्ही रेघा उमटल्या, म्हणजे विषाणू सुरीवरच होता. काय ते तिने सांगितले. सांगताना ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"तरी कानीकपाळी ओरडत होते, बाहीला पुसू नका," आई म्हणाली.

वडील खाली बसले. "अहवालात माझं नाव येणार?"

"घालावं लागेल, बाबा. नाहीतर सगळे पारखी असेच फिरत राहतील."

त्यांनी सुरी तिच्या पिशवीत टाकली. मग एकदम उठले. "गाडी काढ. धाकट्याचं पीक चांगलं आहे हे व्यापाऱ्याला कळलंय. आज तो दुसरा पारखी पाठवतोय. तोही चार शेतं चाखूनच यायचा!"

दुसरा पारखी सुरी काढून काकाच्या बांधावर चढतच होता. वडिलांनी गाडीतूनच हाळी दिली. "थांब रे! आत जाऊ नकोस!"

आरडाओरडा ऐकून काका धावत आला. भिंगरीने दोन वाक्यांत सारे सांगितले. वडील उतरून बांधाबाहेरच उभे राहिले, तसा काका त्यांच्याकडे वळला.

"दादा, उन्हात का उभे? आत या ना."

"नको. कपडे, जोडे, सगळ्याला तो रस लागलाय. तुझं वाटोळं करायला नाही आलो मी."

काका आत गेला, स्वतःच्या सुरीने एक फळ कापले आणि बांधाजवळ येऊन हात लांब केला. "हात लावू नका. तोंड उघडा."

वडिलांनी लहान मुलासारखे तोंड उघडले. फोड जिभेवर घोळवत डोळे मिटले. भिंगरीला तेवढेही थांबवेना. खालच्या शेतकऱ्यांना अजून सांगायचे होते. ती गाडीत बसली तेव्हा मागून आवाज आला.

"दोन दिवस थांब, धाकट्या. तोडणीची घाई करू नकोस."