टिटवीची चार अंडी

मुलांना माळावर न्यावं, झाडंपाखरं दाखवावीत, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी मान डोलावते. न्यावंच. पण त्याच वेळी माझ्या जिभेवर एक घाण चव येते. इतकी वर्षं झाली तरी ती जात नाही. आणि खरं तर ती चव चाखली होती दुसऱ्याच कुणीतरी.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझे वडील तेरणेकाठच्या एका गावात पटवारी होते आणि मी चौथीत होते. शाळेत निसर्गाभ्यास नावाचा विषय नवाच आला होता. त्यासाठी दर शनिवारी गुरुजी आम्हाला गावाबाहेरच्या गायरानात न्यायचे. गायरान सगळ्या गावाचं, त्यामुळे कुणाला विचारायची गरज नसे. गुरुजी बाभळीच्या सावलीत उपरणं अंथरून आडवे व्हायचे आणि आम्ही पानं गोळा करायचो. एवढाच तो अभ्यास.

माझी मैत्रीण शेतकऱ्याच्या घरची. मृग कोरडा चालला होता तेव्हा तिनं मला गायरानातलं टिटवीचं घरटं दाखवलं. घरटं कसलं, खड्यांमधला एक खळगा, आणि त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. तिच्या आजोबांनी ती आधीच पाहिली होती. चारी अंड्यांची टोकं खाली, म्हणजे चारी महिने पाऊस, असं ते म्हणाले होते आणि त्या भरवशावर घरात बियाणं निवडायला बसले होते. गुरं तिकडं जाऊ नयेत म्हणून रोज लांबचा वळसा घ्यायचे.

"कुणाला सांगू नगंस," मैत्रीण म्हणाली. "पिल्लं निघूस्तोवर तरी."

मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

आठवड्याभरात कळलं की तपासणीला साहेब येणार. वर्गातल्या काचेच्या कपाटात वाळकी पानं आणि सापाची एक कात, एवढंच होतं. "जो नवी वस्तू दाखवील, त्याच्या नावाची चिठ्ठी त्या वस्तूखाली लावीन," गुरुजी म्हणाले. माझा हात वर गेला. मला कुणी दरडावलं नव्हतं, खोदून विचारलं नव्हतं. कपाटात आपलं नाव दिसेल म्हणून तोंडाला पाणी सुटलं, बस्स.

शनिवारी मीच सगळ्यांच्या पुढं चालले. टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होत्या. एक तर पंख लुळा पाडून आमच्या पायांपुढं फरफटत गेली, आम्हाला तिकडं ओढून न्यायला. पोरं हसली. गुरुजींनी अंडी उपरण्यात घेतली. मैत्रिणीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं.

अंडी तशीच ठेवली तर नासतील, आतलं काढायला हवं, असं शाळेत आल्यावर गुरुजी म्हणाले. त्यांनी दाभणानं दोन्ही टोकांना भोकं पाडली. आता एका भोकाला तोंड लावून फुंकायचं होतं. तिथं मात्र त्यांना गळ्यातली तुळशीची माळ आठवली. अंडी उचलताना ती कुठं गेली होती कोण जाणे! त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. माझ्यावरून ती सरळ पुढं गेली. पटवाऱ्याच्या सोवळ्या घरातल्या पोरीला अंड्याला तोंड लाव म्हणून कोण सांगणार? नजर मैत्रिणीवर थांबली.

"तुमच्यात चालतं ना गं? ये, फुंक."

"आमी कोंबडीची खातो, गुरुजी. ही न्हाई खात कुणी."

"खा कोण म्हणतंय? फुंक."

तिनं डोळे मिटून फुंकलं. थोडं पाणी आलं आणि अडलं. गुरुजींनी दाभण आत घालून ढवळलं. मग रक्ताची एक गुठळी बाहेर आली आणि तिच्यात डोळा होता. काळा, बाजरीच्या दाण्याएवढा. तिच्या ओठाला काहीतरी चिकटलं होतं. "चल, अजून तीन आहेत," गुरुजी त्याच उपरण्यानं नाक दाबून म्हणाले. ओकारी मला आली, तिला नाही. तिनं चारही अंडी रिकामी केली आणि तोंडसुद्धा न धुता दप्तर उचलून निघून गेली.

साहेबांनी कपाट पाहून शाबासकी दिली, ती गुरुजींनी लोचटासारखी हात जोडून घेतली. त्या माणसाची मला आजही शिसारी येते. पाऊस त्या वर्षी चांगला झाला, पण मैत्रीण माझ्याशेजारी परत कधी बसली नाही. चिठ्ठी मात्र वर्षभर कपाटात होती, गुरुजींच्या वळणदार अक्षरात माझं नाव.

आणि माझी स्वतःची शिसारी? त्या शनिवारी मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. आईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"खरं सांग, तू नाही ना शिवलीस अंड्याला?"

"नाही," मी म्हणाले.

खरंच होतं ते. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, "गुणाची गं माझी पोर," म्हणाली आणि मला आत घेतलं.