दीड पान ताशेरे

इन्स्टिट्यूटच्या मशीनमधल्या कॉफीचा जळकट वास आला की मला तो शोधनिबंध आठवतो. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला माझं पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. शिक्षणावरच्या एका इंग्रजी जर्नलने आमच्या प्रोफेसरबाईंना तपासायला पाठवलेला निबंध त्यांनी, नेहमीसारखा, माझ्याकडे सरकवला. "आल्झो," म्हणजे 'तर मग', "जरा कडक बघ," म्हणाल्या. लेखकाचं नाव नियमाप्रमाणे झाकलेलं होतं, पण एका खोलीत चार इयत्ता शिकवण्याबद्दल वाचताना खिडकीचे गज मोजत पाढे म्हणणारी मुलं आली आणि मी ओळखलं. त्या खोलीत मी चौथीपर्यंत बसले होते. हा निबंध आमच्या सरांचा. ओळख पटली की निबंध परत करायचा असतो. मी केला नाही; बाईंना माझी धार दिसायला हवी होती. नमुना लहान, सैद्धांतिक चौकट नाही, इंग्रजी कच्चं, असे दीड पान ताशेरे मी लिहिले. बाई "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणाल्या, आणि निबंध नाकारला गेला. दिवाळीत गावी सरांकडे गेले, तर त्यांनी ते दीड पान प्रिंट काढून फाईलला लावलं होतं. "कोण आहे माहीत नाही गं, पण किती बारकाईने वाचलंय बघ," ते म्हणाले. "आपला तो प्रांतच नाही, हे कळलं एकदाचं." मी फाईल मिटली आणि फराळाचं ताट पुढे ओढलं. सरांनी पुन्हा काही लिहिलं नाही. आता ते नाहीत. काल माझ्या विद्यार्थिनीकडे एक निबंध सरकवताना मी म्हणाले, "जरा कडक बघ."