पडदा की अस्तर

महाडच्या बाजारपेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. थंडीत समोर एक तिबेटी बाई स्वेटर विकायला बसायची. गिऱ्हाइकं तिला नेपाळीच म्हणायची. कुडपणहून ब्लाउज टाकायला आलेल्या एका मावशीने तिच्यादेखतच मला विचारलं, "ही नेपाळी हाय ना गो?"

स्वेटरची घडी घालता घालता तिनेच उत्तर दिलं, "नाय मावशी, कर्नाटकची हाय."

मी हसले. तेव्हापासून दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायला लागलो. नवरा गेल्यापासून माझं बोलणं मापं घेण्यापुरतंच उरलं होतं.

कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत ती जन्मली. तिबेट तिने पाहिलेलाच नाही. वडील कापडावर देवांची चित्रं काढतात, तिला त्यांनीच शिकवलं. पण तिचं स्वतःचं चित्र निराळं होतं. पुण्याहून माल आणताना लागणारा वरंध घाट, त्यातलं धुकं, आणि धुक्यात काळ्या चौकटींच्या खिडक्यांचं तिबेटी घर. दारात दोरीवर स्वेटर वाळत घातलेले. देव कुठेच नाही.

चित्र दिल्लीला प्रदर्शनात जाणार होतं. त्याआधी वडिलांनी त्याला आपलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून निदान शिवण तरी देवांच्या चित्रांसारखी, जुन्या रीतीची असावी. भोवती जरीची किनार लावायला तिने मला सांगितलं, आणि सोबत पातळ पिवळं रेशीम दिलं.

जरीसाठी मी माझ्या एका साडीचा काठ काढला. रेशीम मापात कापून मागून लावलं, बारीक तुरपाई करून.

तिने चित्र उलटंपालटं केलं. "दीदी, पडदा कुठाय?"

"कसला पडदा?"

"पिवळा. तो पुढे असतो, चित्र झाकायला."

"मला वाटलं अस्तर."

ती इतकी हसली की स्वेटर बघणारं गिऱ्हाईक निघून गेलं. "आमच्या देवाला अस्तर लावलं!"

"देव आहे कुठे त्यात?" मी म्हटलं. तिचं हसू थांबलं.

सगळं उसवून मी पडदा पुढे लावला. संध्याकाळी तिने दुकानातूनच वडिलांना व्हिडिओ कॉल केला. मी चित्र धरून उभी राहिले, तिने पडदा वर उचलला. म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या भाषेत थोडंसं बोलले. फोन बंद झाला.

"काय म्हणाले?"

"शिवण चांगली आहे म्हणाले."

"आणि?"

"पडदा खाली सोड म्हणाले."

मी सोडला. ती स्टूलवर बसून राहिली. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "काढून टाक तो, दीदी. असंच जाऊ दे."

मी टाके उसवले. दुसऱ्या दिवशी चित्र कुरिअरने गेलं, आणि थंडी सरल्यावर तीही गेली. तिच्या जागेवर आता कलिंगडवाला बसतो. परवा तिने फोटो पाठवला. पांढऱ्या भिंतीवर चित्र, पुढे दोन-तीन माणसं वाकून बघताहेत.

वडिलांना पाठवलास का, मी विचारलं. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.