खोक्यावरची खस

कुत्री विमानाने पाठवायची, हे ऐकून आमची गल्ली दोन दिवस हसत होती. आमच्यापैकी कुणी विमानात पाय ठेवला नव्हता. बाबा सरकारी वर्कशॉपात सुतारकामाचे मिस्त्री, मी नुकतीच एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलेली, आणि ताई त्याच वर्षी लग्न होऊन दिल्लीला गेलेली.

आई आम्ही लहान असतानाच गेली. घर ताईने चालवलं, आणि ही तपकिरी कुत्रीही ताईचीच. ताई सासरी गेली तशी कुत्रीने अन्न टाकलं. फाटकाकडे तोंड करून बसायची. दुधात भाकरी कुस्करून पुढे केली, तर माझ्यावर उपकार केल्यासारखी जीभ लावायची आणि परत फाटकाकडे. महिनाभरात बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी चिडायचे तिच्यावर. ताईची आठवण काय तिला एकटीलाच येत होती? शेवटी जावईच म्हणाले, पाठवून द्या, इथे अंगण आहे. रेल्वेने न्यायची तर गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी खणात एक अख्खा दिवस, तोही मे महिन्यात. विमान दीड-दोन तासांचं. बाबा म्हणाले, विमानानेच जाऊ दे.

खोका त्यांनी स्वतः केला. तिला उभं करून, बसवून, आडवं करून मापं घेतली. आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, तीन बाजूंना हवेची भोकं हवीत, दाराशी पाण्याची वाटी हवी, असं विमानवाल्यांच्या कागदावर होतं. तो कागद बाबांचा पाठ झाला. तिचं नाक खरचटू नये म्हणून एकेका भोकाची कड त्यांनी पॉलिश पेपरने घासली. आठ दिवस खोका ओसरीवर ठेवून तिला आत झोपायची सवय लावली. तळाशी ताईची जुनी साडी अंथरली होती. त्या साडीवर ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली. मी दारात उभी राहून रडले, आणि बाबा आले तेव्हा डोळ्यांत भुसा गेला म्हणून सांगितलं.

खसची कल्पना माझी. नागपूरचा मे, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या कूलरला वाळ्याची खस, खिडक्यांना खसच्या ताट्या. पाणी मारलं की घरभर तो ओला वास आणि गारवा. मग तिनेच का बिचारीने लाकडी खोक्यात भाजून निघावं? मी कूलरची उरलेली खस आणली, दुहेरी केली आणि तिन्ही बाजूंच्या भोकांवर चुका ठोकून बसवली.

बाबा घुटमळले. "हवा जाईन का पोरी?"

"खसमधून तं थंडी हवा येते, बाबा. आपल्या घरी नाही येत का?"

माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा गप्प बसणं त्यांना सोपं जायचं. कूलरच्या खसमागे पंखा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याचं बटण रोज मीच दाबत होते.

विमानतळावर वजनकाट्यावरच्या माणसाने खोक्याभोवती एक फेरी मारली. "काकाजी, हे भोकं काहून बुजवले? जनावर श्वास कुठून घेईन?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आम्ही नागपूरचेच आहो. ऊन काय असते ते आम्हाले नका शिकवू."

तो हसला आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवली. मी खसवर आणखी एक तांब्या पाणी ओतलं. आतली ती दिसत नव्हती, फक्त शेपटी फळीवर आपटत असल्याचा आवाज येत होता. दिल्लीकडे धुळीची आंधी होती, म्हणून विमान तीन तास उशिरा सुटलं. आम्ही जाळीशी उभे होतो. बाबा दोनदा म्हणाले, "पाहून येऊ का तिले?" दोन्ही वेळा मी त्यांना अडवलं. मीच म्हणाले, आपल्यापेक्षा तीच गारव्यात आहे.

ताईची दोन पत्रं आली. घरच्या पत्त्यावर आलेल्यात होतं, कुत्री पोचली, अंगणात बसते, दूध पिते. दुसरं माझ्या कचेरीत आलं. खोका उघडला तेव्हा ती गेलेली होती. एका भोकापाशी तिने नखांनी खस उपसायचा प्रयत्न केला होता, आणि तोंड तिथेच टेकलेलं होतं. ताईने लिहिलं होतं, 'बाबांनी मायेने खस लावली असेल, त्यांना कळलं तर ते खचतील. त्यांना कधी सांगू नकोस.' मी टाइपरायटरवर डोकं ठेवून रडले. खस मी लावली, हे मात्र ताईला उलट कळवलं नाही.

पुढे ताईच्या प्रत्येक पत्रात कुत्रीवर एक ओळ असायची. ती मी मोठ्याने वाचायचे. बाबा म्हणायचे, पुन्हा वाच. आणि दर उन्हाळ्यात ते कूलरला साधं गवत लावायचे. म्हणायचे, खसच्या वासानं मले सर्दी होते.

चार वर्षांनी बाबांनी अंथरूण धरलं. ताई दुसऱ्या दिवशी येणार होती. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "खस तू लावली होती, हे तिले सांगू नोको. म्याच लावली, असं समजू दे."

कुत्री गेल्याचं कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं.

"कुणी नाही. पहिल्या पत्रात तिनं खोक्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. सुताराची पोरगी आहे ते. कुत्री धड पोचली असती, तं पहिले माह्या खोक्याचंच लिहिलं असतं."

ताई येऊन गेली, नंतर बाबाही गेले. अजूनही कुत्रीचा विषय निघाला की ताई म्हणते, बाबांचा जीव होता गं तिच्यावर, पण त्यांना बिचाऱ्यांना खसचं काय कळणार. सगळं घर मला फटकळ म्हणतं. तेवढ्या एका वाक्याला मी गप्प बसते.